पॅड बसवणारे काशिनाथराव

काशिनाथराव कारखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला फोरमन काही निवृत्त झाला नाही. इंद्रपुरीतल्या घरात नळ गळो की मिक्सर अडो, पहिला हात त्यांचाच. सून क्षितिजाचा कॉम्प्युटर तापायला लागला तेव्हा ती म्हणाली, "प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणाऱ्या कूलरच्या मधली पेस्ट वाळली असेल, नवी लावते." झालं, हे बाह्या सरसावून उठले.

"पेस्ट कसली लावतेस? आज ओली, उद्या कोरडी. दोन धातूंच्या मध्ये पॅड हवं. टर्बाइनचे सांधे आम्ही उगाच का बसवले आयुष्यभर?"

टर्बाइनच्या सांध्यातून वाफ बाहेर जाऊ द्यायची नसते आणि इथे उष्णता बाहेर काढायची होती, एवढा साधा फरक त्यांच्या गावी नव्हता. ते पॅड घ्यायला गेले तेव्हा दुकानदारानंही सांगून पाहिलं, "अंकल, प्रोसेसर के लिए तो लोग पेस्ट ले जाते हैं." त्यावर "हमको मत सिखाओ" म्हणून त्यांनी त्याला गप्प केलं. घरी येऊन पॅड बसवलं, स्क्रू आवळले आणि हात झटकून मोकळे झाले.

क्षितिजा कॉम्प्युटरवर इमारतींच्या फिल्म बनवायची. न बांधलेल्या घरातून माणसाला फिरवून आणायची. इंदूरच्या एका बिल्डरचं मोठं काम तिच्या हाती येऊ घातलं होतं. मंगळवारी त्याला ऑनलाइन नमुना दाखवायचा होता. सोमवारी कॉम्प्युटर आधीपेक्षाही जास्त तापतोय हे तिच्या लक्षात आलं आणि ती स्क्रूड्रायव्हर घेऊन सासऱ्यांपुढे उभी राहिली.

"बाबा, एकदा उघडून बघू का?"

"म्हणजे मी बसवलेलं तू तपासणार?"

आवाज असा चढला की तिनं स्क्रूड्रायव्हर मुकाट्यानं जागेवर ठेवला.

मंगळवारी बिल्डर बघत असतानाच कॉम्प्युटर बंद पडला. तिनं परत सुरू केला, तो परत पडला. काशिनाथराव बाहेरच्या खोलीत पेपर तोंडापुढे धरून सगळं ऐकत होते. ती फोनवर सांगत होती, "नहीं सर, ग़लती मेरी है. मशीन मुझे पहले देख लेनी थी." मग थोडं थांबून, "जी, समझ सकती हूँ." काम गेलं, हे त्यांना तेवढ्यावरूनच समजलं.

ती तोंड धुवायला गेली तशी त्यांनी कॉम्प्युटर उघडला. कूलर उचलला आणि पॅड उलटं करून पाहिलं. खालच्या अंगाचं, लावण्याआधी सोलायचं प्लास्टिक तसंच राहून उष्णता अडवत होतं. वरचं त्यांनी सोललं होतं. खालचं त्यांना पॅडचाच भाग वाटला. कारखान्यात सांध्यांमध्ये घालायच्या गॅस्केटला असलं काही सोलावं लागत नाही, आणि पाकिटावरचं वाचायला फोरमनला कुठला वेळ?

सोलून खिशात टाकलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. हात तिथवर गेलाही, आणि त्या हाताची त्यांना अशी शरम वाटली की ते तसेच बसून राहिले. शेवटी त्यांनी हाक मारली.

"सूनबाई, इकडे ये. हे बघ. हे माझं काम."

क्षितिजानं वाकून पाहिलं. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं, "मग काल मी विचारलं तेव्हा उघडू का दिलं नाहीत?"

दिसायला कमी झालंय, तब्येत ठीक नव्हती, अशी चार कारणं जिभेवर तयार होती. काशिनाथरावांनी ती गिळली.

"तू सून म्हणून," ते म्हणाले. "अमेयनं विचारलं असतं, तर मुलगा म्हणून उघडू दिलं असतं."

मान वर करायची त्यांची हिंमत होईना. क्षितिजा कापडानं प्रोसेसर पुसायला लागली.

"ते मला कालच कळलं होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही कबूल कराल, असं मात्र वाटलं नव्हतं."