माफीनाम्यातला ‘जर’

खेळाच्या सरांना शाळेतली मुलं ‘शिट्टी’ म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं, आणि मनातून थोडं आवडायचंही. अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या एकाच मैदानावर काढली होती. उन्हानं मान रापली होती आणि आवाज असा, की या टोकाला बोलले तर त्या टोकाचा मुलगा मोजे वर ओढायचा. सर नुसते शिंकले तरी वर्ग सावधान उभा राहतो, असं शिपाई सांगायचा.

वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांच्याविरुद्ध पहिली तक्रार आली.

झालं ते असं. बुधवारी नववीचा तास होता. धावण्याची चाचणी, मैदानाला चार फेऱ्या. सगळे रांगेत उभे राहिल्यावर एक उंच मुलगी पुढे आली. लांब उडीत शाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हळू आवाजात ती म्हणाली, “सर, मी आज बसू का?”

“का?”

“बरं नाहीये.”

“काय होतंय?”

ती खाली बघत राहिली. बहाणे ऐकून सरांचे कान किटले होते. “चेहरा तर चांगला टवटवीत दिसतोय,” ते म्हणाले, तसा वर्ग हसला. “चल, लाग पळायला. चार फेऱ्या मारल्या की सगळं बरं होतं.”

ती पळाली. तिसऱ्या फेरीत मैदानाच्या पलीकडच्या कडेला ती थांबली आणि गुडघे जवळ घेऊन खाली बसली. दोघी-तिघी तिच्याकडे धावल्या, मग आणखी चार गेल्या. सरांनी शिट्टी मारली. “घोळका कशाला? पळा.” कुणी हललं नाही. सर तरातरा निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांना दिसलं, एक मुलगी स्वतःचं जॅकेट काढून तिच्या कमरेला बांधत होती. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते जागच्या जागी वळले आणि सामानाच्या खोलीत गेले. तास संपेपर्यंत पंप घेऊन चेंडूंत हवा भरत बसले.

नजर वळवणं हाच त्यांच्या लेखी सभ्यपणा होता. संध्याकाळी घरी जाताना त्यांना वाटलंही, बरं झालं आपण पुढे गेलो नाही.

शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मॅडम त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या, पण ‘सर’ म्हणताना त्यांच्या आवाजात मान असायचा. त्यांनी तक्रारीचा कागद वाचून दाखवला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“दोन गोष्टी आहेत, सर. पळायला लावलं ही एक. तिच्या आईवडिलांना दुसरी जास्त लागलीय.”

“दुसरी कुठली?”

“तुम्ही पाहिलंत आणि निघून गेलात.”

“मग मी काय करायला हवं होतं, मॅडम? मी पुरुष माणूस. जवळ गेलो असतो तर त्याचीही तक्रार झाली असती. इकडे आड तिकडे विहीर.”

“एखाद्या बाईंना बोलावता आलं असतं. पाणी पाठवता आलं असतं. निदान तास थांबवायचा. बाकीची मुलं तिच्यासमोरून पळतच होती.”

लेखी माफी द्यायची आणि सोमवारी शाळेच्या समितीसमोर ती वाचायची, असं ठरलं.

घरी त्यांची मुलगी चार दिवसांच्या सुट्टीवर आली होती. चोवीस वर्षांची, दुसऱ्या शहरात एका कंपनीत नोकरी करणारी. बापलेकीत ठरावीक बोलणं व्हायचं. गाडी वेळेवर होती का, जेवलीस का, परत कधी निघणार. बाकीचं सगळं आईच्या मार्फत. सर हे वाईट मानत नसत. लेक शहाणी आहे, बापाचा मान ठेवते, असंच ते चारचौघांत सांगत.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला तक्रारीचं सांगितलं, पण आवाज मुलीला ऐकू जाईल असा ठेवला. “आमच्या वेळी मास्तरांनी कानाखाली वाजवली, तर घरी आल्यावर दुसरी मिळायची. आता पळ म्हटलं तरी गुन्हा.”

“तुमच्या वेळचं राहू द्या,” बायको म्हणाली. “त्या पोरीचं काय झालं असेल?”

मुलीनं ताट उचललं आणि विसळून ठेवलं.

शनिवारी सकाळी ती लॅपटॉप उघडून बसली होती. सर तिच्या समोर येऊन उभे राहिले. “एक पत्र टाइप करून देशील? माझ्या बोटांना ते जमत नाही.”

“सांगा.”

हात पाठीमागे बांधून ते सांगू लागले. “माझ्या बोलण्या-वागण्यामुळे जर कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.”

मुलीची बोटं थांबली. “बाबा, ‘जर’ काढू?”

“का? सगळे असंच लिहितात.”

“‘जर’ म्हटलं की ती दुखावली की नाही हे अजून ठरायचंय, असं होतं. ती खाली बसली होती ना?”

“हो.”

“मग जर कसला? आणि ‘कुणाच्या’ही नको. ती एकच मुलगी होती. काय झालं तेच लिहा.”

“सगळं उघड लिहायचं? मला ते चार माणसांसमोर वाचायचंय.”

“तिचं तर चाळीस जणांसमोर झालं.”

सरांचा आवाज चढला. “तू वकील कधीपासून झालीस? साधं पत्र सांगितलं, तर बापालाच पिंजऱ्यात उभं करतेस.”

एरवी ती इथे उठून गेली असती. आज ती बसून राहिली. लॅपटॉपकडे बघत म्हणाली, “मी सातवीत होते. सुट्टीत तुम्ही रोज सकाळी मला मैदानावर न्यायचात. अडथळ्यांची शर्यत शिकवायचात. आठवतं?”

“आठवतं की. पाय उचलायला चुकायची नाहीस.”

“एक दिवस तिथेच मला पहिल्यांदा झालं. मी तुम्हाला सांगितलं. आईच्या आधी. तुम्ही म्हणालात, घरी चल, आईला सांग. आणि घरापर्यंत दहा पावलं पुढे चालत राहिलात. एकदाही वळून बघितलं नाहीत.”

सरांनी खुर्चीची पाठ धरली.

“आठवड्यानं मी बूट घालून दारात बसले होते,” मुलगी म्हणाली. “तुम्ही माझ्या बाजूनं गेलात. एकटेच. मग कधीच नेलं नाहीत. अभ्यासाला जवळ बसवणं बंद झालं, थट्टा बंद झाली. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय. पुष्कळ वर्षं वाटत होतं.”

“तसं नव्हतं गं,” सर म्हणाले. “मुलगी मोठी झाली की बापानं जरा लांब राहायचं असतं. आमच्याकडे तसंच होतं. माझे वडील तर तुझ्या आत्यांशी...”

“माहितीये. म्हणून तर मी कधी काढलं नाही.”

“मग आज का काढलंस?”

“ती नववीतली मुलगी बोलली म्हणून.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. सरांनी तिच्याकडे आशेनं पाहिलं. तिनं त्यांची बाजू घेतली नाही.

“तुला हे माहीत होतं?”

“होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“एकदा सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, बायकांचं बायकांत ठेवा.”

हे त्यांना आठवत नव्हतं. पण आपण असं म्हणालो असणार, याबद्दल त्यांना शंका वाटली नाही. ते खुर्ची ओढून मुलीसमोर बसले.

“लिही,” ते म्हणाले. “तिनं बसू का विचारलं होतं. मी वर्गासमोर तिची थट्टा केली आणि तिला पळायला लावलं. नंतर मला कळलं तेव्हा मी मदत न करता निघून गेलो. यात तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती.”

मुलीनं टाइप केलं. ती काहीतरी म्हणेल म्हणून ते थांबले. “प्रिंट दुपारी काढून आणते,” ती म्हणाली.

रविवारी ती निघाली. सकाळपासून सर एक वाक्य मनात घोळवत होते. ‘तुझ्या बाबतीतही माझं चुकलं.’ एवढंच. आंघोळ करताना ते हळूच म्हणूनही पाहिलं, तेव्हा सोपं वाटलं. ती दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “येते बाबा.”

“तिकीट घेतलंस ना?” सरांनी विचारलं.

“घेतलंय,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

सोमवारी समितीत पाच माणसं होती. मैदान ओलांडणारा सरांचा आवाज टेबल ओलांडेना. मॅडमना दोनदा ‘जरा मोठ्यानं, सर’ म्हणावं लागलं. बाहेर आल्यावर गणिताच्या सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “मनावर घेऊ नका. आजकाल श्वास घ्यायचीही चोरी झालीय.” आठ दिवसांपूर्वी सरांनीही हेच म्हटलं असतं. आता ते मान हलवून पुढे गेले, आणि गणिताच्या सरांना वाटलं, बिचारे फार दुखावलेत.

मुलींचे तास एका नव्या शिक्षिकेकडे गेले. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती आणि ओरडत नसे. पहिल्याच तासाला तिनं मुलींना सांगितलं, “ज्यांना बसायचंय त्यांनी बसा, कारण सांगायची गरज नाही.” आता निम्मा वर्ग कट्ट्यावर बसणार, असं सरांना वाटलं होतं. सामानाच्या खोलीच्या दारातून ते पाहत राहिले. दोघीच बसल्या.

तीन आठवड्यांनी त्या उंच मुलीचे वडील तिचा शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आले. कचेरीबाहेरच्या बाकावर ते एकटेच बसले होते. सरांना टाळून जाता आलं असतं. ते थांबले आणि त्यांनी आपण कोण ते सांगितलं.

मुलीचा बाप चाळिशीतला, विजेची दुरुस्ती करणारा माणूस होता. बोटांवर चिकटपट्टीचे काळे डाग होते. त्यानं सरांकडे नीट पाहिलं आणि बाकावर सरकून जागा केली.

“तुमचं पत्र वाचलं,” तो म्हणाला. “बरं लिहिलं होतंत.”

“शाळा सोडू नका. मी आता मुलींना शिकवत नाही.”

“तिला इथे यायचं नाही. वर्गातली पोरं अजून हसतात.” बोटांवरचे डाग चोळत तो म्हणाला, “मलाही काही कळत नव्हतं, सर. घरात आम्ही चौघे भाऊ. मग बायकोला विचारलं. लाज वाटली, पण विचारलं. आता घरी उशिरा आलो तरी पोरीचं काय दुखतंय ते मी विचारतो.”

सरांना त्या माणसाचा हेवा वाटला. “लांब उडी तरी सोडू नकोस म्हणावं तिला,” ते म्हणाले.

“सोडली. बूट मामेबहिणीला देऊन टाकले.”

आतून शिपायानं हाक मारली आणि तो उठून गेला.

मधल्या सुट्टीत सर मैदानाच्या कडेला गेले आणि त्यांनी मुलीला फोन लावला. दुसऱ्याच रिंगला तिनं उचलला.

“बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे.”

“मग?”

“काही नाही. सहज केला.”

पलीकडे माणसांचे आवाज येत होते. “मी मीटिंगमध्ये आहे,” ती म्हणाली. “नंतर करते, चालेल?”

“चालेल, चालेल.”

संध्याकाळी सहापासून त्यांनी फोन समोर ठेवला होता. साडेसातला वाजला तो बायकोचा फोन. मुलीचाच होता. आतल्या खोलीत त्यांना बोलणं ऐकू येत होतं. ऑफिसचं, घरमालकिणीचं, कुणाच्या तरी लग्नाचं. दोघी मधूनच हसत होत्या. मग बोलणं संपलं.

सर बाहेर आले. “काय म्हणत होती?”

“विचारत होती, बाबांचं काही काम होतं का.”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, काही नसेल.”

सरांनी मान हलवली. बायको भाजी निवडायला बसली. ते थोडा वेळ तिच्याजवळ उभे राहिले आणि मग आपल्या खोलीत गेले.