चुडामण नानांचा सर्व्हर

वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर वर्षभरातच चुडामण नानांची बायको गेली. मुलगी मोहिनी बंगळुरूला एका कंपनीचे सर्व्हर सांभाळायची. दर रविवारी दुपारी तिचा फोन येई. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं विचारून होतं न होतं तोच पलीकडे काहीतरी वाजे आणि ती म्हणे, "नाना, सर्व्हर पडलाय, ठेवते."

हे काय सारखं पडतं, ते नानांना कळत नव्हतं. विचारलं तर ती म्हणाली, "ते फोनवर सांगण्यासारखं नाही." मग एके दिवशी बस धरून ते जळगावला गेले आणि सर्व्हर ज्यावर चालतात ते लिनक्स शिकवणाऱ्या एका क्लासमध्ये नाव घालून आले.

वर्गातली सगळी मुलं नोकरीसाठी शिकत होती. नानांना ती काका म्हणत, मान देत आणि मधल्या सुटीत त्यांना बाकावर सोडून चहाला निघून जात. जितेंद्र सरांनी प्रत्येकाला सरावासाठी इंटरनेटवर एक लहानसा सर्व्हर घ्यायला लावला. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि शेकडो मैलांवरच्या मशीनने ती ऐकायची, याचं नानांना नवल वाटे. कारखान्यात लेथवर हात बसायला त्यांना जसा वेळ लागला होता, तसाच इथेही लागला.

सरांनी लॉग, म्हणजे मशीनवर कोण कधी आलं त्याची नोंद, बघायला शिकवलं, तेव्हा नाना चकित झाले. कुठल्या कुठल्या देशांतून अनोळखी लोक त्यांच्या मशीनवर पासवर्ड मारून बघत होते. एक थकला की दुसरा.

"सर, माझ्याकडे तर काहीच नाही. मशीन रिकामं आहे."

"त्यांना कुठे माहीत आहे, काका? दार दिसलं की ढकलून बघायचं, एवढंच."

नानांनी रूटचं, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचं, थेट लॉगिन बंद केलं, पासवर्ड काढून फक्त आपल्या संगणकावर असणारी डिजिटल चावी बसवली, आणि रविवारी सहज बोलल्यासारखं मोहिनीला सांगितलं.

"नाना, तुम्ही? रूट लॉगिन?"

त्या दिवशी फोन बराच वेळ चालला.

पुढच्या आठवड्यात कोणाला आत घ्यायचं ते ठरवणारी फायरवॉल लावताना ते स्वतःलाच आत घ्यायचं विसरले आणि बाहेर अडकले. मोहिनीने व्हिडिओ कॉल करून, सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून, कन्सोल नावाच्या मागच्या दाराने आत कसं शिरायचं ते दाखवलं. तिच्या मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते. खिडकीला पडदा नव्हता. दोन वर्षं ती तिथे राहत होती, आणि नाना तिची खोली आज पहिल्यांदा बघत होते.

"पडदा लाव की," ते म्हणाले.

"लावीन. आता एंटर मारा."

नाना शिकत गेले. अपडेट, बॅकअप, पुन्हा पुन्हा दार ढकलणाऱ्याला आपोआप बाहेर ठेवणं, सगळं जमायला लागलं. एका रविवारी मोहिनी कौतुकाने म्हणाली, "आता तुम्हाला माझी गरजच नाही." आणि खरोखरच विचारण्यासारखं काही उरलं नाही. फोन पुन्हा जेवण आणि गोळ्यांवर आला.

शेजारच्या गिरधरभाऊंचं मूळ गाव धुळ्याकडचं. ते कुंपणावरून विचारत, "बठ्ठं ठीक शे ना, नाना?" सगळं ठीक आहे म्हणून नाना मान हलवत. गिरधरभाऊ आत गेले की दिवसभर घरात दुसरा आवाज नसे.

मग एका रविवारी, फोन यायच्या आधी, नानांनी फायरवॉलमधून स्वतःला आत घेणारा नियम मुद्दाम काढून टाकला. मग मोहिनीला म्हणाले, "परत अडकलो गं."

तिने व्हिडिओ लावला, कन्सोलने आत जायला सांगितलं आणि म्हणाली, "हिस्टरी दाखवा. शेवटी काय केलं होतं?"

टाइप केलेली प्रत्येक कमांड तिथे नोंदलेली राहते, हे नानांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? त्यांनी कमांड टाकली. मोहिनी वाचत राहिली.

"नाना, हे चुकून झालेलं नाही. आधी नियम बघितला, मग काढला, मग निघाला की नाही ते तपासलं."

"हो."

"का पण?"

"तू थोडा वेळ थांबतेस म्हणून."

तेवढ्यात तिच्याकडे सर्व्हर पडल्याचा इशारा वाजला. तिने तिकडे बघितलं, मग नानांकडे. "मला जावं लागेल," ती हळूच म्हणाली आणि पडदा काळा झाला. नानांनी आपला नियम परत घातला. मोहिनी रागावली की काय, ते त्यांना उमगलं नाही. आठवडाभर त्यांनी संगणक उघडलाच नाही.

मग तिचा मेसेज आला. तिचं स्वतःचं एक लहान मशीन होतं, त्यावर तिने नानांचं खातं उघडलं होतं. "रोज एकदा बघत जा. अपडेट राहिले असतील तर लावा. माझ्याकडून होत नाही."

नाना सकाळी आत गेले. मशीन नीटच होतं, करण्यासारखं फार काही नव्हतं. शेवटी कोण कोण येऊन गेलं ते बघायची कमांड त्यांनी दिली. मोहिनीचं नाव होतं, थोड्याच वेळापूर्वीचं. म्हणजे ती उठली होती.

त्यांनी एक अपडेट लावला आणि मशीनमधून बाहेर पडले. आता त्या यादीत तिच्या नावाच्या वर त्यांचं नाव आलं असणार; तिने बघितलं की तिलाही कळेल, नाना उठलेत. फोन करावासा वाटला, पण ती कामाला लागली असेल म्हणून त्यांनी केला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी एका माणसापुरती खिचडी टाकली.