दुकानातला पाळणा

तंत्रज्ञ बाईंनी बाळाच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली, हनुवटीखालची पट्टी अलगद लावली आणि हळू आवाजात विचारलं,

“रात्री नीट झोपते का?”

“अगदी शहाणी आहे. रात्रभर हूं की चूं नाही,” आई म्हणाली.

झोपेत बाळांचा मेंदू कसा घडत जातो, याचा अभ्यास त्या प्रयोगशाळेत चालला होता. आईला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. थोरलीला झटक्यांनी नेलं होतं. धाकटीच्या डोक्यात तसलं काही नाही ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

गादीच्या पलीकडे बाळाचा बाबा पाहुण्यासारखा बसला होता. हा सुतार. थोरलीसाठी त्याने स्वतः पाळणा घडवला होता. हिच्यासाठी दुकानातून आणला. हिला तो उचलूनसुद्धा घेत नसे. आईला त्याचा राग यायचा, चांगला सणसणीत.

बाळ झोपलं. बाईंनी पांघरूण घातलं, दिवा मंद केला, आईला हात मांडीवर ठेवून बसायला सांगितलं. पडद्यावर मेंदूच्या लहरींच्या बारीक रेषा वळवळत पुढे सरकू लागल्या. आईची नजर तिथेच खिळली.

मग त्यात लाटा उठल्या. मोठ्या, एकसारख्या, थांबेचनात.

बाईंची मान पुढे झाली. त्यांनी आईला विचारलं,

“तुम्ही थोपटताय का तिला?”

“नाही हो! हे बघा माझे हात.” तिने दोन्ही हात वर केले. “झटका आहे ना? खरं सांगा.”

बाईंनी पांघरुणाचं टोक उचललं. खाली, बाळाच्या पाठीवर, घट्टे पडलेला एक रुंद हात संथपणे थोपटत होता.

“अहो, आधी हात काढा तो!” बाई म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला. लाटा विरल्या. बाई बराच वेळ पडदा निरखत राहिल्या.

“थोपटण्याचे हादरे होते ते. डॉक्टर बघतीलच, पण मला तरी काही वावगं दिसत नाही.”

आईने डोळे पुसले. तो मात्र चोरी पकडल्यासारखा खाली मान घालून बसला होता.

“दचकली ती,” तो पुटपुटला. “थोपटलं नाही तर उठते. रात्री तर दोन-तीनदा...”

आईने त्याच्याकडे पाहिलं. आपली लेक किती गाढ झोपते, हे ती शेजारणींना कौतुकाने सांगत आली होती.

टोपी निघाल्यावर तिने झोपलेलं बाळ उचललं आणि सरळ त्याच्या मांडीवर ठेवलं.

“धरा,” ती म्हणाली. “माझे हात अवघडलेत.”