बिनपगारी

पोरीने विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ कागदावर आईची अब्रू वेशीला टांगली, ही बाईंची तक्रार होती. आणि वर म्हणते कशी, "आई, इथे खाली सही कर. वाचत बसू नकोस, अकराला खिडकी उघडते."

वाचत बसू नकोस म्हणे! बाईंची शाळा तिसरीत सुटली होती. पण नवरा गेल्याच्या तेराव्या दिवशी दीर एका कोऱ्या कागदावर अंगठा मागायला आला होता, तेव्हापासून अक्षराला अक्षर लावून वाचल्याशिवाय त्यांनी साध्या पावतीवरही सही केली नव्हती. कायदेशीर मदत कार्यालयाच्या बाकावर बसून त्यांनी अर्ज मांडीवर पसरला आणि बोट एकेका ओळीवरून सरकवलं. पाचव्या ओळीवर बोट थांबलं. 'अर्जदार आईच्या लाँड्रीत काम करते. बिनपगारी.'

"हे कुणी लिहिलं?"

"मीच."

"माझ्या दुकानात बिनपगारी? चार बायका आहेत कामाला. एकीचा तरी आठवडा चुकलाय का, विचार जाऊन!"

"त्यांचा नाही चुकला," लेक खाली बघत म्हणाली. "हळू बोल ना, लोक ऐकतायत."

"ऐकू देत की. लिहिताना बरी लाज वाटली नाही!"

लोक ऐकत होतेच. रांगेत चौदा-पंधरा माणसं होती आणि नेमक्या या दोघींच्या पुढे बाईंच्या जुन्या गिऱ्हाईक मास्तरीणबाई उभ्या होत्या, ज्यांचे पडदे दर दोन महिन्यांनी दुकानात यायचे. त्यांनी मान वळवली नाही, पण कान मागेच होते.

बाईंना राग आला तरी त्या उठून गेल्या नाहीत, कारण जायला जागाच नव्हती. जावयाने घटस्फोटाचा दावा लावून सात वर्षांच्या नातीचा ताबा मागितला होता. नऊ वर्षं लेकीने त्याच्या फर्निचरच्या दुकानात गल्ला सांभाळला, आणि त्याने दाव्यात लिहिलं होतं की बायको घरात बसून खात होती. सोमवारी तारीख. लेकीच्या बाजूने वकील उभा राहिला नाही, तर न्यायाधीश त्या एकट्याचंच ऐकणार होता. एका वकिलाने सांगितलेला फीचा आकडा ऐकून बाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला होता. दुकानातलं मोठं मशीन अजून हप्त्यांवर फिरत होतं. उरलं हे एकच कार्यालय. अर्ज मंजूर झाला तर वकील फुकट आणि कोर्टाची फीही माफ. आज शुक्रवार होता, आणि खिडकी एकला बंद व्हायची.

बाईंनी दात आवळून कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात सही केली.

नंबर आला. खिडकीमागे चष्मा कपाळावर चढवलेली अधिकारी बाई होती. तिने अर्ज वाचला, लेकीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"घर तुमच्या नावावर?"

"दुकानही माझ्याच नावावर. पंचवीस वर्षं झाली."

"मुलगी तुमच्याकडे काम करते?"

"सकाळी सातपासून. डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही."

"आणि पगार काही नाही?"

मास्तरीणबाई बाजूच्या खिडकीशी शिक्का मारून घेत होत्या. त्या आता उघड उघड इकडे बघत होत्या. बाईंच्या तोंडून शब्द निघाले ते त्यांना विचारून निघाले नाहीत.

"नाही कसा? माझ्याकडे कुणी फुकट राबत नाही. मुख्य इस्त्रीवालीला देते तेवढाच देते."

"म्हणजे किती?"

बाईंनी आकडा सांगितला, आणि ठसक्यात सांगितला. लेकीने डोळे मिटले.

अधिकारी बाईने चष्मा नाकावर आणला. "हे उत्पन्नाच्या मर्यादेच्या वर जातं. मग मदत बसत नाही. शिवाय अर्जात बिनपगारी लिहिलंय. खोटी माहिती दिली तर पुन्हा अर्जही करता येत नाही." तिने लाल पेन उघडलं.

बाई लेकीकडे वळल्या. आता तरी ही बोलेल, आई खोटं बोलतेय म्हणेल. लेक खिडकीचा कट्टा धरून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले.

"थांबा," बाई म्हणाल्या.

पेन कागदाच्या वर थांबलं.

"मी खोटं बोलले."

"तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय, आजी? मदत नाकारली की सगळेच असं म्हणतात."

आजी! एरवी बाईंनी तिला तिथल्या तिथे धुऊन, पिळून वाळत टाकलं असतं. त्यांनी पिशवीत हात घातला. आठवड्याच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्या कुणाच्या भरवशावर दुकानात ठेवत नसत. कपड्यांच्या प्रत्येक गाठोड्याला एक चिठ्ठी लागायची, कुणी धुतलं, कुणी इस्त्री केली. शनिवारी त्याच चिठ्ठ्या मोजून बायकांना पैसे मिळायचे.

"हे बघा. या चौघींची नावं. यात माझ्या लेकीचं नाव शोधून दाखवा."

अधिकारी बाईने गठ्ठा चाळला. एकदा, मग पुन्हा सावकाश. "काहींवर नावच नाही."

"ती तिची. नाव नसलेली सगळी तिची. घरची म्हणून चिठ्ठीवर तिचं नाव लागत नाही." बाईंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "म्हणजे, मी लावू दिलं नाही."

"लिहितं कोण या?"

"तीच. मला कुठे एवढं लिहिता येतं?"

अधिकारी बाईने एक चिठ्ठी अर्जाशेजारी ठेवली. तेच अक्षर, तोच उजवीकडे कललेला 'र'. माहेरी परत आल्यापासून आठ महिने लेकीने बाकी सगळ्यांची नावं लिहिली होती. मास्तरीणबाईंचं शिक्क्याचं काम कधीच झालं होतं, पण त्यांचा पाय निघत नव्हता. बघू देत, बाईंनी मनात म्हटलं, पोटभर बघू देत.

"तुमच्याकडून तसं लिहून लागेल," अधिकारी बाई म्हणाली. "पगार देत नाही म्हणून. तुमच्या हाताने."

बाईंनी पेन घेतलं. पाच शब्द लिहायला त्यांना एवढा वेळ लागला की मागून कुणीतरी खाकरलं. शेवटचा शब्द, 'बिनपगारी', त्यांनी अर्जातून बघून उतरवला. अधिकारी बाईने तो कागद टाचला, लाल पेनाचं टोपण लावलं आणि शिक्का उचलला. "मंजूर. वकील उद्या दुपारी फोन करतील."

पायऱ्या उतरून दोघी फुटपाथवर आल्या. लेक रडत होती, हसतही होती. "आई, मला वाटलं तू सगळ्यांसमोर कबूल करणार नाहीस. म्हणून तर तुला वाचू देत नव्हते. मला माफ—"

"गप्प बस. माफी कसली मागतेस? लिहिलंस ते खरं लिहिलंस, त्यात तुझी चूक नाही, माझी आहे. पण भित्री आहेस तू. नऊ वर्षं त्याने राबवलं, बोलली नाहीस. आठ महिने मी राबवलं, बोलली नाहीस. मघाशी लाल पेन तुझ्या पोरीच्या नशिबावर टेकणार होतं, तेव्हाही भिंतीसारखी उभी! सोमवारी वकील असेल, पण विचारतील तुला. तिथे मी नसणार बोलायला. आजपासून मला तोंडावर बोलायचं, जे असेल ते, शिवी द्यावीशी वाटली तर शिवी. माझ्यासमोर तोंड उघडलंस तरच त्याच्यासमोर उघडेल."