हरणीची थाळी

अमेरिकेत, पार्सिपनीत, गाय कुठून आणायची? म्हणून सुवर्णा गोग्रासाची पहिली पोळी मागच्या अंगणात हरणीला ठेवायची. एका पायानं लंगडणारी ती हरणी रोज सकाळी यायची. हल्ली तर हातातूनच घ्यायची.

रविवारी नवरा, संग्राम, म्हणाला, "उद्यापासून मागच्या रानात धनुष्यबाणवाले शिकारी येणारेत. टाउननं परमिट दिलंय, हरणं फार झालीत म्हणे."

"आपल्या घरामागे?"

"ओढ्याच्या अलीकडे. पलीकडच्या पार्कात बंदी आहे. पण तुझी बया थांबते का तिकडे? माणूस दिसला की पोळी मागायला हजर. लाडावून ठेवलीस."

हे खरंच होतं.

दुपारी ती मराठी शाळेत शिकवायला गेली. शाळा चर्चच्या तळघरात भरायची. जिन्यातल्या रंगीत काचेवर एक साधू होता, कुशीत हरणी, हातात रुतलेला बाण. शेकडो वर्षांपूर्वी तो रानात गुहेत राहायचा म्हणे, आणि हरणी त्याला दूध पाजायची. राजाचे शिकारी आले तेव्हा त्यानं तिला छातीशी धरलं, बाण स्वतःवर घेतला. ती जखम त्यानं जन्मभर बरी होऊ दिली नाही. मुलांसाठी सुवर्णानं त्याची ओवीच रचली होती:

बाण सुटला बाई, साधूचा आडवा हात
हरणी माउलीचा चुकविला गं घात

आज मुलांकडून ओवी म्हणवून घेताना तिच्या मनात आलं: त्यानं जवळ घेऊन वाचवली. मी जवळ घेतली म्हणूनच ती मरायची.

सोमवारी उजाडताच ती स्टीलची थाळी आणि लाटणं घेऊन अंगणात उतरली.

"आई, व्हॉट आर यू डुइंग?" देवांगनं दारातून विचारलं.

"दार लाव, बाळा."

हरणी आली, मान पुढे केली. सुवर्णानं तिच्या कानाशी थाळी बडवली. हरणी दचकली, आणि पुन्हा जवळ आली. हाताला कणकेचा वास होता ना.

"जा म्हणते ना!"

थाळी बडवत सुवर्णानं तिला ओढ्यापर्यंत रेटलं. सपातांसकट स्वतःही पाण्यात उतरली. पलीकडच्या काठावर चढून हरणीनं वळून पाहिलं. सुवर्णानं लाटणं उगारलं. डोळे भरले होते, पण हात खाली आला नाही.

मंगळवारी हरणी पुन्हा आली. सुवर्णा थाळी घेऊन उभीच होती. बुधवारी हरणी ओढ्यापलीकडेच थांबली, मग पार्काच्या झाडीत लंगडत निघून गेली.

"थाळीला पोचे पडलेत गं," संग्राम म्हणाला. "नवी आणू या."

"राहू दे," सुवर्णा म्हणाली, आणि त्याच थाळीत तिनं पहिली पोळी काढून घरातच ठेवली.