एका घराला एकच कर्ता

जळगाव जामोदकडच्या कुठल्याही गावात ओटीवर बसलेल्या बाप्याला काहीही विचारा, त्याला ठाऊक नाही असं जगात काही निघायचं नाही. ज्ञानेश्वरच्या संशोधनाचा पाया अशा ओट्यांवरच घातला गेला. लोकांना विचारून सॉफ्टवेअरची रचना कशी बांधावी, हा त्याच्या प्रबंधाचा विषय. बीटी कपाशीत बोंडअळी घुसली त्या साली त्यानं नुकसानीच्या पाहणीसाठी एक प्रोग्रॅम बांधला आणि त्यासाठी गावातली एकशे चाळीस घरं पालथी घातली. रचना सुबक होती: एका घराला एक कर्ता, बाकी सारे त्याच्याखाली. स्वतःच्या घरी त्यानं वडिलांनाच विचारलं. उकंडराव तंबाखू मळत म्हणाले, "मी कर्ता. लिव्ह." त्यानं लिहिलं. कॉलेजात सरांनी प्रोग्रॅम तपासला. एकही चूक सापडली नाही.

दिवाळीला तो घरी आला, तेव्हा रुखमाकाकू अंगणात किडकी बोंडं फोडत बसली होती. काका दोन वर्षांपूर्वी कपाशीवर फवारणी करता करता गेले. तेव्हापासून उकंडराव तिच्या मागे लागले होते : हक्कसोड लिहून दे, बाईमाणसाला शेत कशाला? काकू 'पाहू' म्हणायची आणि कामाला लागायची.

"उद्या जाऊन राह्यली बाप्पा रजिस्टरच्या हापिसात," ती म्हणाली. "शेत सोडून देतो."

"काऊन? दोन वर्सं तं आयकत नोती!"

तिनं बटव्यातून घडी केलेला कागद काढला. त्याच्याच प्रोग्रॅमची यादी, उकंडरावांनी तिच्या हाती दिलेली. उकंडराव : कर्ता. रुखमाबाई : आश्रित. काकांचं तीन एकर शेत उकंडरावांच्या नावाखाली. तळाशी ज्ञानेश्वरचं नाव.

"भासरे, तुहे बाबा, म्हनत, तं मी मानत नोती. पन तू शिकेल मानूस. तू लिवलं म्हनजे खरंच असन."

"मी बाबालेच पुसलं, काकू. तुले पुसलंच नाई."

"मले कोन पुसते, येड्या?" ती हसली. रडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी उकंडरावांनी त्यालाही साक्षीदार म्हणून नेलं. शिकलेली सही कागदावर शोभते. अधिकाऱ्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "बाई, स्वखुशीनं देता ना?"

"काकू," ज्ञानेश्वर म्हणाला, "आता तुलेच पुसलं."

"तू चूप बस बे!" उकंडराव गुरकावले.

काकूनं पदर सारखा केला. "खुशी नाई, सायेब. निंदन मी करतो, येचनी मी करतो. शेत माहं हाय."

दिवेलागणीच्या आत तिची पेटी, पाण्याचे दोन पितळी गुंड आणि शेगडी अंगणात आली. ज्ञानेश्वरनं आपली बॅग आणून पेटीशेजारी ठेवली. "आता खा म्हना तुहा कंपुटर!" म्हणत बापानं कडी घातली. दारांआडून पाहणाऱ्या बाया अठरा होत्या. पुढे एकही आली नाही.

त्यानं सरांना फोन लावला. "सर, प्रबंध देत नाही. चूक पायातच आहे."

"किती काम पुन्हा करावं लागेल?"

"एकशे चाळीस घरं."

सकाळी तो पहिल्या ओटीसमोर उभा राहिला. शंकरराव खुशीत होते. "ये बे ज्ञाना, पुस काय पुसाचं ते."

"तुमाले नाई, दादा. पुष्पावयनीले पुसाचं हाय."

शंकरराव हसले. पोरगा मस्करी करत नाही हे कळल्यावर हसू विरलं. आत भांडी घासण्याचा आवाज थांबला होता. शंकरराव मात्र दारातून हलले नाहीत.