बॅटरी का उतरते

सासऱ्यांचं नाव फोनवर दिसलं तसं मी बायकोला म्हटलं, "मी मेलो म्हणून सांग." तिनं फोन उचलला, "हो बाबा, इथेच आहेत," म्हणाली आणि सरळ माझ्या कानाला लावला.

"जावईबापू, परत उतरली."

काय उतरली ते विचारायची गरजच नव्हती. बॅटरी. ट्रेलरची बॅटरी. गेल्या वर्षभरात आमच्या घरात या एका बॅटरीवर जेवढी चर्चा झाली, तेवढी आमच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

सासरे जन्मभर मालट्रक चालवत होते. महिन्यातले चार दिवस घरी, बाकीचे रस्त्यावर. निवृत्त झाले तसं त्यांनी राहतं घर विकलं आणि हा ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे ओढायची एक लांबट खोली. तिच्यातच पलंग, शेगडी, फ्रिज आणि वळायलाही जागा नसलेली न्हाणी. "मी एकटाच सगळीकडे हिंडलो, ही बिचारी घरात बसून राहिली. आता जे जे मी बघितलं ते सगळं हिला दाखवणार," असं ते सगळ्यांना सांगायचे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पहिल्या खेपेला माझ्याही आलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण ट्रेलर काही त्यांना लांब जाऊ देईना. गावाबाहेरच्या मैदानावर, खांबावरच्या विजेला जोडलेला असला की सगळं झकास. तिथून निघून कुठे माळावर, नदीकाठी मुक्काम केला की संध्याकाळी दिवे मिणमिणायला लागायचे, पाण्याचा पंप गप्प व्हायचा, फ्रिज बंद. की आले परत. मग दोन-चार दिवस आमच्याकडे मुक्काम आणि मी ट्रेलरच्या पोटाखाली पालथा. दोनदा बॅटरी नवी घातली. टर्मिनल घासली, अर्थिंगची तार बदलली. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बॅटरी काही माझा धंदा नव्हे. पण जावयाला स्क्रू-ड्रायव्हर धरता येतो एवढं कळलं की संपलं.

"सोमवारी आम्ही निघतोय," सासरे फोनवर म्हणाले. "लांबच्या फेरीला. वर्षभर तरी परत येत नाही. उद्या तुम्ही एकदा शेवटचं बघून घ्या. तुम्ही म्हणालात बॅटरी टिकेल, तर निघालो. म्हणालात गाडीतच खोट आहे, तर विकून टाकतो आणि तुमच्या शेजारच्या त्या दोन खोल्या भाड्यानं घेतो. तुमचा शब्द शेवटचा."

म्हणजे आता ते फेरीला निघाले तर वर्षभर कुठून कुठून फोन, नाही निघाले तर भिंतीपलीकडे सासरवाडी. मी फोन ठेवला. आठवडाभर एका दवाखान्याच्या लिफ्टनं माझा जीव मेटाकुटीला आणला होता. सुट्टीचा एक दिवस, तोही गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर पोचलो. सासरे दारातच उभे. हातात नकाशा.

"हे बघा, आधी हा घाट. इथे एक वळण आहे, तिथून खालचा सगळा तलाव दिसतो. मी तिथे ट्रक थांबवून जेवायचो. हिला तिथे बसवून जेवायला घालणार."

"बाबा, आधी बॅटरी बघू दे."

"बघा, बघा. मी तोवर पाणी भरून आणतो." डबे घेऊन ते मैदानाच्या टोकाच्या नळाकडे गेले. चालताना शीळ घालत होते.

सासूबाई आत ओट्यापाशी होत्या. "आलात का," एवढंच म्हणाल्या. त्या मूळच्याच कमी बोलणाऱ्या. मी पुढच्या बाजूला जाऊन बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं आणि मीटर लावला. या वेळी ठरवून आलो होतो की सुटं काही बदलायचं नाही. वीज खांबावरून निघते तिथपासून बॅटरीपर्यंत एकेक टप्पा तपासत जायचं. आधीच हे करायला हवं होतं. पण दर वेळी मला घरी जायची घाई आणि त्यांना निघायची.

ट्रेलर खांबाला जोडलेला होता, म्हणजे चार्जर चालू, म्हणजे बॅटरी भरत असायला हवी. मीटर सांगत होता, भरत नाहीये. बॅटरी आपली मरगळलेलीच. मग आत जाऊन पलंगाखालचा चार्जर उघडला. तिथे वीज बरोबर येत होती आणि बाहेरही बरोबर पडत होती. चार्जर चांगला, बॅटरी चांगली, आणि मधे कुठेतरी वीज गायब. फ्यूज काढून पाहिले, शाबूत. मग चार्जरपासून तार हातानं चाचपत निघालो. पलंगाखालून फळीमागे, तिथून दाराजवळच्या चपलांच्या कप्प्यात.

तिथे लाल मुठीचा एक मेन स्विच होता. ट्रेलर नुसता उभा ठेवायचा असला की बॅटरी तोडून टाकायला असतो तसला. तो बंद होता.

मी कपाळावर हात मारला. हा बंद असला तरी खांबाच्या विजेवर दिवे लागतात, पंप चालतो, कुणाला काही कळत नाही. फक्त बॅटरीत थेंबभर वीज जात नाही. आणि निघताना चालू केला की रिकामी बॅटरी घेऊन गाडी निघाली माळावर! वर्षभर मी तारा घासत होतो आणि दोष होता चपलांच्या मागे.

स्विच चालू केला, बाहेर जाऊन मीटर पाहिला. आकडा चढत होता. पण आनंद काही झाला नाही. बंद कोण करतं हा? सासरे विसरायला लागले की काय? सत्तरी उलटलेली, आणि हा माणूस एवढी गाडी ओढत घाटातून जाणार. बायकोला हे कसं सांगायचं, याच विचारात नळावर जाऊन हात धुतले. सासरे तिथे डबे सोडून कुणाला तरी तोच घाट समजावत होते.

परत येऊन पाहतो तर मीटरचा आकडा खाली आलेला.

मी आत गेलो. कप्पा उघडला. स्विच बंद. आणि ट्रेलरमध्ये सासूबाईंशिवाय कुणी नव्हतं.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही बंद केलात?"

त्यांनी पुसत असलेला कप खाली ठेवला. नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. नाही म्हणाल्या नाहीत.

"पहिल्यांदा चुकूनच झालं हो," त्या म्हणाल्या. "यांनीच शिकवलं होतं, आपण मुलीकडे राहायला गेलो की मेन बंद करून निघायचं. एकदा मी तो परत चालू करायला विसरले. निघायच्या वेळेपर्यंत लक्षातच आलं नाही. मग वाटेत सगळं बंद पडलं आणि आम्ही तुमच्याकडे परत आलो. तुमच्या त्या मधल्या खोलीत मला इतकी झोप लागली, इतकी झोप लागली, काय सांगू. त्यानंतर मुद्दाम करते. या मैदानावर आलो की बंद, निघताना चालू."

माझं टाळकंच सटकलं. "अहो, वर्षभर मी इथे उताणा-पालथा होतोय! दोन बॅटऱ्या फेकल्या! बाबांना सरळ सांगायचं ना, मला नाही जायचं म्हणून!"

"कसं सांगू?" त्यांचा आवाज चढला नाही, थकला. "रोज सकाळी खिडकीतून बघते तर वेगळंच काहीतरी. मी कुठे आहे तेच कळत नाही. शेजारणीशी दोन शब्द बोलायला लागते तोवर हे चाकं तपासायला लागतात. रात्री उठायचं तर यांना ओलांडून. पण माणूस इतक्या हौसेनं ओंजळ भरून देतोय, त्याला नको म्हणायला माझी जीभ उचलत नाही. तुम्ही सांगा ना, वायरिंग गेलंय म्हणून. तुमचं ऐकतील. बॅटरीचं ऐकतात, माझं काय ऐकणार?"

बाहेर डबे ठेवल्याचा आवाज झाला. "काय जावईबापू, झालं का निदान?"

खरं सांगू, खोटं बोलायला माझी काही हरकत नव्हती. एक वाक्य बोलायचं आणि घरी जाऊन झोपायचं. पण म्हाताऱ्यानं दारातून आत डोकं घातलं, चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखा, आणि माझ्याच्यानं ते वाक्य निघेना.

"बाबा, ट्रेलरला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "चार्जर चांगला आहे, बॅटरी चांगली आहे, वायरिंगही चांगलं आहे."

"म्हणालो नव्हतो!" त्यांनी चौकटीवर थाप मारली. "अगं ऐकलंस का? सोमवारी निघायचं!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला सहन झाली नाही.

"आई, बोला," मी म्हटलं. "नाहीतर मी बोलतो."

"काय बोलायचंय?" सासरे हसतच म्हणाले.

"मेन मी बंद करत होते," सासूबाई म्हणाल्या. "दर वेळी. मला नाही यायचं."

सासऱ्यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. मग ते पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून.

"मला वाटलं तुला आवडतंय," ते म्हणाले.

"मी कधी म्हटलं?"

"नाही कुठे म्हणालीस?"

"विचारलंत कधी?"

मी मीटरच्या तारा गुंडाळत होतो, गुंडाळलेल्या पुन्हा सोडत होतो. तिथून पळून जावं असं वाटत होतं, पण पायरीवरच ते बसलेले.

"रस्त्यात जेवायला थांबलो ना," ते म्हणाले, "की मी मनात ठरवायचो. इथे हिला आणायचं. इथे आणायचं. चाळीस वर्षं तेच करत जेवलो गं."

"आणि मी चाळीस वर्षं वाट बघत होते, तुम्ही घरी येऊन बसाल म्हणून."

कुणी आवाज चढवला नाही. दोघंही इतके दमलेले दिसत होते की दोघांना नुसतं झोपवावं असं मला वाटलं. सासरे हळूच उठले, आत आले आणि ओट्याशी सासूबाईंसमोर उभे राहिले. त्या जागेत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला भिंतीला चिकटावं लागतं. मी चिकटलो.

"बरं," ते म्हणाले. "मग तुला कुठे राहायचंय? सांग."

सासूबाईंनी मघाचा कप उचलून पुन्हा पुसायला घेतला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग खाली. सून म्हणून, बायको म्हणून, आई म्हणून, आजवर त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि आता ऐनवेळी आपल्याला काय हवं तेच त्यांना आठवत नव्हतं.

"मला जरा विचार करू द्या," त्या शेवटी म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

"कर," सासरे म्हणाले. "कुठे निघायचंय आपल्याला?"